कुंभारवाड्यात कोंडलेले विमान

मी नदीच्या उलट्या दिशेने गेलो.

एवढे लिहून थांबलो असतो तरी पुढच्या हकिकतीचे सार त्यात आले असते. पण मी परत यायच्या आधीच ही हकीकत बेळगावात येऊन पोचली होती. सांगणाऱ्यांनी तिच्यात माझे विमान फणसाच्या झाडावर अडकवले होते, माझ्या मामांना अस्वलाच्या तावडीत दिले होते आणि मला टोपली डोक्यावर देऊन दारोदार फिरवले होते. यातल्या पहिल्या दोन गोष्टी साफ खोट्या आहेत. म्हणून खरे काय घडले ते लिहितो.

विमान माझ्या स्वतःच्या मालकीचे आहे. हे आधी सांगतो, कारण मी ते सगळ्यांना आधीच सांगतो. दोन बैठकांचे, वरून उघडे, एकावर एक असे पंख असलेले, मुंबईच्या एका गृहस्थाने वापरून कंटाळून विकलेले. आमच्या वडिलांचा तंबाखूचा व्यापार. मुलगा आकाशातून गेला तर खरेदीच्या गावांना झटकन पोचेल, या समजुतीने त्यांनी होकार दिला. पुढे असे दिसून आले की तंबाखूच्या एकाही गावात विमान उतरायला जागा नाही. तेव्हा मी दर रविवारी बेळगावबाहेरच्या माळावरून उडे, गावाला घिरट्या घाली आणि त्याच माळावर उतरे. कोणी विचारले, कुठे जाऊन आलात, तर मी म्हणे, वर. या उत्तराने विचारणारा गप्प होई आणि मला वाटे, तो थक्क झाला.

सुप्यापर्यंत सगळे ठीक

मामा धारवाडच्या कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. अंगाने भरभक्कम, आवाजाने त्याहून. जन्मभर दुसऱ्यांचे दावे ऐकले, पण स्वतः एकही निकाल देता आला नाही, ही त्यांची खंत. त्यांना कारवारचा समुद्र बघायचा होता, आणि घाटातल्या मोटारीत त्यांना मळमळते. मी म्हटले, मामा, आकाशात वळणे नसतात. पौषातल्या एका स्वच्छ सकाळी मामींनी आमच्या दोघांच्या हातावर दही घातले, मला बाजूला घेऊन "नेतोयस तसे आणून सोड" असे बजावले, आणि आम्ही निघालो.

लोंढ्यापर्यंत आगगाडीचे रूळ वाट दाखवतात. त्यात माझे कसब काही नाही. तिथून दक्षिणेला वळून काळी नदी गाठायची आणि नदीचे बोट धरून कारवारला उतरायचे, असा बेत होता. जवळ नकाशाही होता. मात्र त्याची घडी नेमकी सुप्यावर पडून तिथला कागद झिजला होता. सुप्याजवळ नदी दिसली. समुद्र पश्चिमेला, तेव्हा मी पश्चिमेला वळलो. आता मला जो तो सांगतो की काळी नदी समुद्राला जायचे म्हणून आधी समुद्राकडे पाठ करते, दांडेलीकडे निघते आणि मग मोठा वळसा घेते. असेल. पण वरून पाणी वाहताना दिसत नाही, नुसते चकाकते. थांबून कोणाला विचारायचीही सोय नसते.

मामा पुढच्या बैठकीत होते. आमच्यामध्ये बोलायची रबरी नळी होती. तिच्यातून त्यांचा आवाज आला, "वासू, ही नदी बारीक होत चाललीय."

मी म्हणालो, लांबून तसे दिसते.

"पण आपण जवळ जातोय ना?"

मी इंजिनाचा आवाज वाढवला. थोड्या वेळाने नदीचा ओढा झाला, ओढ्याची ओल झाली आणि ती ओल झाडांत शिरली. चहूकडे डोंगर आणि डोंगरांवर नुसते रान. पेट्रोल किती उरले असेल याचा मी मनाशी अंदाज केला आणि तो मामांना सांगितला नाही.

तेवढ्यात खाली एक खोरे उघडले. ते कुंभारवाड्याच्या रानातले एक कोपऱ्यातले खोरे, हे पुढे कळले. कापणी झालेली भाताची पिवळी, कोरडी शेते पायरीपायरीने चढत गेलेली, आणि वरच्या टोकाला एक हिरवागार तुकडा, असा गुळगुळीत की कलेक्टरसाहेबांच्या बंगल्यापुढची हिरवळच. पिवळ्या शेतांत बांध दिसत होते. हिरव्या तुकड्यात काही नव्हते. मी हिरवळीवर थांबायचे ठरवले. चाके पिवळ्या शेताला टेकली, एका बांधावरून उसळली आणि हिरव्यात जाऊन रुतली. शेपटी वर गेली, घटकाभर विचार करीत राहिली आणि परत खाली आपटली. मामांच्या तोंडावर चिखल बसला. बाकी कोणाला काही झाले नाही.

ती हिरवळ नव्हती.

"कुणाचं हाय ह्ये?"

थंडीत ओढ्या-झऱ्यांच्या पाण्यावर इकडे दुसरे भात घेतात. त्याची रोपे आधी एका ओल्या तुकड्यात दाट वाढवतात आणि मग उपटून शेतात लावतात. त्या कोवळ्या रोपांना तरवा म्हणतात. कडेवरच्या पोराइतके त्याला जपतात. मी जानकाक्काच्या तरव्यात विमान घातले होते.

विमानातून उतरून मी चामडी टोपी नीट केली, चष्मा कपाळावर चढवला आणि लोक जमायची वाट पाहिली. लोक जमले. पण सगळ्यांच्या पुढे कंबरेला आकडीत कोयता अडकवलेली एक बाई होती, आणि ती माझ्याकडे आलीच नाही. ती चाकांभोवती फिरली, खाली बसली, चिखलात गेलेली रोपे बोटांनी वर काढून पाहिली, परत ठेवली. पन्नाशीच्या आतली, काटक. हीच जानकाक्का. मग तिने मान वर केली.

"कुणाचं हाय ह्ये?"

"माझे," मी छाती काढून म्हणालो. आयुष्यात इतका महाग शब्द मी दुसरा उच्चारलेला नाही.

"मग बांदा की," ती म्हणाली. "मोकळं सोडून काय बगतासा?"

मला वाटले, बाई चेष्टा करते आहे. पण तोवर दोघे गडी गोठ्यातले दावे घेऊन आले होते. त्यांनी ते विमानाच्या गळ्यात, म्हणजे पंख्याच्या मागे, नीट गाठ मारून घातले आणि दुसरे टोक जांभळीच्या बुंध्याला बांधले. एकाने पुढ्यात पेंढा आणून टाकला.

गावचा मुख्य म्हणजे गावकार. नाव सोमा. अंगाने पाप्याचे पितर, खांद्यावर घोंगडी, बोलायच्या आधी पान लावायची सवय. त्याचे पान लागेपर्यंत सगळा गाव गप्प राहतो, आणि हे त्याला ठाऊक असल्यामुळे तो ते फार सावकाश लावतो. जांभळीखाली पंचायत बसली. मी पुढे होऊन पाकीट काढले. गावकाराने पाकिटाकडे पाहिले आणि विचारले, "ह्ये रोवलं तर उगवंल काय?" मी पाकीट ठेवले.

गावचा कायदा असा. कोणाचे जनावर दुसऱ्याच्या तरव्यात शिरले तर नुकसान गावाने भरून काढायचे. रोपे बाजारात मिळत नाहीत आणि नव्याने पेरायला वेळ नसतो, म्हणून प्रत्येक घराने आपल्या तरव्यातली मूठ द्यायची. मात्र मालकाने स्वतः टोपली डोक्यावर घेऊन घरोघर जायचे, दारात उभे राहून आपल्या जनावराने काय केले ते मोठ्याने सांगायचे आणि मिळालेली रोपे स्वतःच्या हाताने लावून द्यायची. घर रोपे देते, मालक लाज देतो. ते पुरे होईपर्यंत जनावराचे दावे सुटत नाही.

आता प्रश्न एवढाच उरला की विमान गाय की रेडा. गाय शिरली तर दर घरामागे एक मूठ आणि म्हैस-रेडा शिरला तर दोन, कारण रेडा खातो थोडे आणि लोळतो फार. ज्यांना रोपे द्यायची होती ते सगळे गाय म्हणाले. जानकाक्का एकटी रेडा म्हणाली. मी उठून सांगितले की हे यंत्र आहे, ते खात नाही. गावकाराने पान एका गालातून दुसऱ्या गालात नेले. मघाशी तुम्ही वर चढून त्याच्या तोंडाचे झाकण काढलेत, आत काठी घालून बघितलीत आणि तुमचे तोंड उतरले, ते कशापायी, असे विचारले. मी म्हणालो, ते पेट्रोल पिते आणि पेट्रोल संपत आले आहे.

"मंजे पितंय की," गावकार म्हणाला.

यावर मी काही बोलणार, तो मामा उभे राहिले. मला धीर आला. शिरस्तेदार माणूस, आपल्या भाच्याची बाजू सावरील. मामांनी तोंडावरचा चिखल उपरण्याने पुसला, घसा साफ केला आणि अर्धे मराठीत, अर्धे कानडीत असे प्रतिपादन केले की सबंध खोरे कोरडे असताना जे नेमका चिखल शोधून त्यात जाऊन बसते ते गाईच्या जातीचे असणे शक्य नाही. लोकांनी माना डोलावल्या. विमान रेडा ठरले. मामांच्या चेहऱ्यावर मी त्या दिवशी जे तेज पाहिले ते पेन्शन मंजूर झाल्याच्या दिवशीही नव्हते.

मुंगळ्यांची चटणी

दोषी माणसाने नुकसान झालेल्याच्या घरी उतरायचे, हीही तिथली रीत. पळून जाऊ नये म्हणून. त्यामुळे जिने माझ्यावर दावा लावला तिच्याच पडवीत माझी घोंगडी पडली आणि तिलाच मला वाढावे लागले. बेळगावात पाहुणा आला की आपण आधी नाव, गाव, कोणापैकी, हे विचारून घेतो आणि मग चहाचे बघतो. इथे आधी पेज पुढे येते. नाव विचारायचे राहूनच जाते. जानकाक्काने मला शेवटपर्यंत "पावनं" म्हटले आणि मामांना पहिल्याच जेवणात "अण्णा". मामांना आंबट-तिखट अशी एक लालसर चटणी फार आवडली. तीनदा मागून घेऊन त्यांनी विचारले, कसली? रानातल्या झाडावरची, असे उत्तर आले. झाडावर ते तांबडे मुंगळे असतात, हे मामांना पुढे कळले. तेव्हा त्यांनी ती चौथ्यांदा मागितली.

जेवताना जानकाक्का फार बोलत नसे, पण जे बोलली त्यावरून कळले. पावसाळ्यातले तिचे भात रानाच्या कडेला होते. ते पोटरीला आले तेव्हा गव्यांचा कळप उतरून खाऊन गेला. नवरा नाही, मुलगा लोंढ्याकडे रानकामाला. झऱ्याकाठच्या तुकड्यात लावायचे हे दुसरे भात म्हणजेच तिचे वर्षाचे पोट. त्याचा तरवा अर्धा मी संपवला होता.

माझी अडचण वेगळी होती. खालची ती चार कोरडी शेते एका रांगेत होती. विमान उडवायचे तर तेवढीच धाव मिळत होती, तीही मधले बांध तोडले तर. अमावास्या झाली की गावकार ओढ्याचे पाणी पाटात सोडणार. तिथे पाणी एका शेतातून दुसऱ्यात उतरते. एकाचे शेत कोरडे ठेवता येत नाही. एकदा पाणी आले की लावणी होणार आणि माझे विमान कापणीपर्यंत जांभळीला बांधलेले राहणार. बांध तोडायला गाव तयार होता, पण आधी जानकाक्काचा तरवा भरून द्यायचा. म्हणजे तिचे पोट आणि माझे विमान आता एकाच टोपलीत होते.

टोपली

इकडचा गाव म्हणजे आपल्याकडच्यासारखी घराला घर लागलेली वस्ती नव्हे. एक घर या टेकाडावर, दुसरे ओढ्यापलीकडे, तिसरे झाडीत, कुत्रे भुंकले तरच दिसणारे. मी चामडी टोपी काढून तिच्या जागी टोपली घेतली. वाक्य गावकाराने पाठ करून घेतले होते: "माझ्या रेड्यानं जानकाक्काचा तरवा तुडवला. टोपलीत घाला."

पहिल्या दारात मी ते पुटपुटलो. आतून म्हातारी म्हणाली, ऐकू आले नाही. तिला सगळे ऐकू येत होते. तिने दोन मुठी रोपे घातली आणि वर जाऊन तुम्ही काय काम करता, असे विचारले. मी म्हणालो, काम नसते, हौस. म्हातारी शेजारच्या सुनेला म्हणाली, "एक मूठ आणिक घाल गे. घरचं कुणी बगणारं दिसत न्हाई."

असे घरामागून घर. काही घरांनी मला आत बोलावून गूळ-पाणी दिले आणि वाक्य परत म्हणायला लावले, कारण मघाशी थोरला घरात नव्हता. एका घरी पोरांनी मला बघून "रेडेवाले आले" अशी वर्दी दिली आणि घरधनी बैलगाडीची वाट अडवणाऱ्या माणसाशी बोलावे तशा आवाजात म्हणाला की पुढच्या खेपेला वेसण घालून आणा.

शेवटचे घर जानकाक्काच्या दिराचे, गोविंदाचे. एका बांधावरून दोघांत वाद होऊन बोलणे बंद होते. ती म्हणाली होती, त्याच्याकडे नाही गेलात तरी चालेल, पण टोपली अजून भरली नव्हती. गोविंदा अंगणात दोर वळत बसला होता. मी वाक्य म्हटले. तो म्हणाला, "हिकडं तोंड करून कशाला सांगतासा? मला ठावं हाय. खोऱ्याकडं तोंड करा." मी खोऱ्याकडे तोंड करून, छाती फुगवून, माझ्या रेड्याने जानकाक्काचा तरवा तुडवल्याचे डोंगरांना सांगितले. समोरच्या डोंगराने तेच परत मला सांगितले. खालून हसण्याचा आवाज आला. त्यात मामांचा आवाज मला स्पष्ट ओळखता आला.

गोविंदाने ठरलेल्या दोन मुठींवर आणखी दोन घातल्या आणि, तिला सांगू नका, असे म्हणून परत दोराकडे वळला. मी सांगितले नाही. जानकाक्काने टोपली उतरवली, हाताने चाळली, त्या जुड्या बाजूला काढल्या आणि म्हणाली, "त्येचा तरवा पयल्यापास्नं पिवळाच." पण लावायला घेतला तेव्हा सगळ्यांत आधी तोच घेतला.

उपटलेली रोपे ठेवता येत नाहीत, म्हणून लावणी लगेच. झऱ्याकाठचा तुकडा ओलाच होता. मी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरलो आणि वाकलो. वाकलो ते वाकलोच. बायका माझ्या दोन्ही बाजूंनी मागे सरकत लावत चालल्या आणि मी मधे एकटा, विमान चालवणारा हात चिखलात खुपसून. माझी ओळ डावीकडे जाऊ लागली. मी ती सावरायला उजवीकडे नेली तर ती फारच उजवीकडे गेली. पाठीत जे दुखू लागले त्याने डोळ्यांत पाणी आले. मी तिथे रडलो असेही बेळगावात सांगतात, ते रडणे हे असावे. संध्याकाळी मात्र मी ताठ उभा राहून, म्हणजे जमेल तितका ताठ उभा राहून, तो हिरवा तुकडा बघितला आणि मला फार अभिमान वाटला. माझ्या हातची लावणी होती ती.

पाणी पाजलेले विमान

दावे सुटले. गड्यांनी दोर लावून विमान कोरड्या शेतात आणले. पंखाचे फाटलेले कापड मामांच्या जुन्या धोतराने आणि भाताच्या खळीने चिकटवले. मी पंखा फिरवला. इंजिन खोकले, थुंकले आणि गप्प झाले. पुन्हा फिरवला, पुन्हा तेच. टाकीखालची कळ उघडली तर ओंजळीत पेट्रोलाऐवजी निर्मळ, गार, झऱ्याचे पाणी आले.

गावकार शेजारीच उभा होता. मी त्याच्याकडे बघितले.

"आमीच पाजलं," तो म्हणाला. "कोंडलेलं जनावर तान्हेलं ठेवू न्हये. आमच्यात पाप लागतंय. त्येच्या तोंडात काठी घालून तुमीच बोललासा, संपत आलंय म्हणून."

रोज सकाळी एकेका घराची पाळी होती म्हणे. शिडी लावून, गाळून घातले होते. पेंढ्याला त्याने तोंड लावले नाही, याचे त्यांना वाईट वाटले होते. पण पाणी सगळे पीत असे. मी रागाने काय बोललो ते लिहीत नाही, कारण ते इंग्रजीत बोललो आणि कोणाला कळले नाही. मामांनी मला बाजूला घेतले आणि थंडपणे सांगितले की कैद्याच्या अन्नपाण्याची इतकी चोख व्यवस्था त्यांनी धारवाडच्या तुरुंगातही पाहिलेली नाही.

टाकी रिकामी करून वाळवली. पेट्रोलाचे डबे आणायला बैलगाडी लोंढ्याला गेली. गाडी रानातून लोंढ्याला जाते आणि परत येते, म्हणजे तिला जेव्हा यायचे तेव्हा ती येते. चंद्र रोज बारीक होत होता. मी ओढ्यावर जाऊन बघत असे, तर पाणी अडवायचा दगड-फांद्यांचा बांध रोज थोडा वर चढलेला. कोणी कोणासाठी थांबत नव्हते, आणि त्यांनी थांबावे असे म्हणायला मला तोंड नव्हते. मामा मात्र सुखात होते. त्यांना जांभळीखाली गावकाराच्या शेजारी जागा मिळाली होती. कोणाच्या फणसाची फांदी कोणाच्या अंगणात गेली याचे त्यांनी दोन निकाल दिले आणि दोन्ही मानले गेले.

अमावास्येच्या आदल्या दिवशी गाडी आली.

उड्डाण

आता एकच पेच उरला. बांध तोडले की पाणी सोडायच्या आत ते परत घालायला हवेत. तोडणारे बरेच होते; पण रीतीप्रमाणे घालायचे ते ज्याच्यासाठी तोडले त्याने. आणि तो तर उडून जाणार. गावकाराने पान लावले. सगळा गाव थांबला. मग तो म्हणाला, "पावन्यांनी कायतरी ठेवून जावं."

मी घड्याळ काढले. गावकाराने मामांकडे बोट दाखवले.

मी हो म्हणालो नाही, असे मी मामींना शपथेवर सांगितले आहे. पण खरे असे की ओढ्याकाठची झाडे उंच होती, धाव आखूड होती आणि मामांचे वजन माझ्या डोक्यात केव्हापासून घोळत होते. मामाच पुढे झाले. "जामीन मी राहतो," ते म्हणाले आणि धोतर खोचून त्यांनी फावडे मागितले. मी पुष्कळ आग्रह केला. तो त्यांनी ऐकू नये इतक्या हळू आवाजात केला.

बांध फुटले. सीमेवरच्या देवाला नारळ ठेवायला सांगितले तेव्हा मी, हे सगळे मी मानत नाही, असे म्हणालो आणि दोन ठेवले. दोन्ही बाजूंनी गड्यांनी पंख धरले. इंजिन पुऱ्या जोरात आले, मी हात वर केला, त्यांनी सोडले. पहिले शेत गेले, दुसरे गेले, तिसऱ्यात चाके हलकी झाली, चौथ्यात विमान उचलले. ओढ्यावरच्या झाडांचा शेंडा चाकांना लागला आणि मी वर गेलो.

वळून मी खोऱ्यावरून एक घिरटी घातली. निरोप म्हणून, आणि खरे म्हणजे त्यांनी माना वर कराव्यात म्हणून. कोणी केल्या नाहीत. सगळे बांध घालण्यात गढलेले होते. मधोमध एक पांढरा भरभक्कम ठिपका फावडे मारीत होता.

या खेपेला मी नदीकडे न बघता रूळ गाठले.

पुन्हा, पायी

मामा आले नाहीत. बांध घालून झाले, पाणी सुटले, माघ गेला, फाल्गुन गेला. बैलगाडीवाल्याकडून निरोप येई की काम आटपलेले नाही. मामी आमच्या घरी येऊन बसत. वैशाखात मी निघालो. विमान वडिलांनी कुलपात ठेवले होते. कुलूप नसते तरी उतरायच्या जागी तिथे आता भात उभे असणार. लोंढ्यापर्यंत आगगाडी, पुढे मिळेल ती बैलगाडी आणि शेवटी पाय. वरून जो प्रदेश मी एक डुलकी येईल एवढ्या वेळात ओलांडला होता त्यात इतके चढ असतील असे मला वाटले नव्हते.

कापणी आटपत आली होती. मामा गावकाराच्या खळ्यावर भात झोडत होते. वाळले होते, काळे झाले होते आणि दहा वर्षांनी लहान दिसत होते. मामींचा निरोप सांगितला. त्यांनी ऐकून घेतले आणि, एवढी रास उचलली की निघू, म्हणाले.

मी झऱ्याकाठी गेलो. जानकाक्का शेवटचा पट्टा कापत होती. मागे पेंढ्या रांगेने पडलेल्या, दाणा भरलेला. मला भरून आले. इतके दिवस बेळगावात जी टोपली मी नाकारत होतो तिचे हे फळ, असे मनात आले. मी बांधावर बसलो आणि शक्य तितक्या नम्रपणे म्हणालो, "जानकाक्का, माझ्या हातची लावणी बरी आली म्हणायची."

तिने विळा थांबवला नाही.

"तुमची लावणी आमी त्याच सांजला उपटली," ती म्हणाली. "सगळ्या बाया परत चिखलात उतरून नव्यानं लावली. तुमी झोपला व्हतासा." आणखी एक मूठ कापून तिने मागे टाकली आणि मग पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितले. "तुमी वरच बरं, पावनं. खाली आलासा की आमचं काम वाढतंय."